कपाशी, कज्जे आणि वकील

आमच्या महागावच्या कोर्टात नवी सनद घेऊन पोरं येतात, तेव्हा उलटतपासणी शिकवायला मी त्यांना एकच खटला सांगतो. तो महागावचा नाही, पुसदचा नाही, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या बिअर्ड्सटाउन नावाच्या गावचा आहे. साल 1858. डफ आर्मस्ट्राँग नावाच्या तरण्या पोरावर खुनाचा आरोप होता. मारामारी रात्रीची, आणि सरकारी पक्षाचा सगळा भार एका साक्षीदारावर. त्याचं म्हणणं, अकराच्या सुमाराला लख्ख चांदणं होतं, लांबून मी स्वतः पाहिलं. बचावाचा वकील उंच, हाडकुळा, कपडे ढगळ. त्याने साक्षीदाराला अजिबात झटकलं नाही. उलट तेच तेच पुन्हा वदवून घेतलं. चांदणं होतं ना? होतं. चंद्र वर होता ना? होता. मग शांतपणे मारामारीच्या वर्षाचं पंचांग काढलं आणि दाखवलं की त्या घटकेला चंद्र मावळतीला टेकलेला होता. पोरगा सुटला. वकिलाने फी घेतली नाही, कारण पोराच्या आईबापांनी त्याच्या पडत्या काळात त्याला घरात ठेवून घेतलं होतं.

वकिलाचं नाव अब्राहम लिंकन. नवी पोरं इथे हमखास चमकतात. लिंकन म्हणजे गुलामगिरी, लिंकन म्हणजे नाटकगृहातली गोळी, एवढंच त्यांना शाळेत सांगितलेलं असतं. तो हाडाचा तालुका वकील होता हे कुणी सांगत नाही. 1809 साली ओंडक्यांच्या खोपटात जन्म, शाळेत गेला ते सगळे दिवस मिळून वर्षभरही भरत नाहीत, कायदा स्वतः वाचून शिकला, 1836 साली सनद. वर्षातले कित्येक महिने न्यायाधीशाबरोबर घोड्यावरून या गावच्या कोर्टातून त्या गावच्या कोर्टात. एका खाटेवर दोन-दोन वकील झोपत आणि कागद टोपीत ठेवत. एका रेल्वे कंपनीचा मोठा दावा जिंकून दिला, तिने पाच हजार डॉलर फी द्यायला काचकूच केली, तेव्हा या गृहस्थाने आपल्याच अशिलावर फीचा दावा लावून ती वसूल केली. हा भाग मात्र मी पोरांना जरा रंगवून सांगतो.

पण लिंकनचा आणि आमचा संबंध पंचांगाएवढाच नाही. 19 एप्रिल 1861 रोजी त्याने राष्ट्राध्यक्ष म्हणून एका जाहीरनाम्यावर सही केली: दक्षिणेतली बंडखोर राज्यांची बंदरं बंद. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस त्याच बंदरांतून जात होता. तो अडला आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं, मुंबईने वऱ्हाडाकडे. वऱ्हाडातली वकिली आणि वकिलांचं राजकारण त्या सहीपासून सुरू होतं, असं माझं मत आहे. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. जुने दस्तऐवज वाचता वाचता बनलेलं आहे.

कसं ते सांगतो. वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून कंपनी सरकारच्या हाती आलं. मालकी नावाची निजामाची, कारभार इंग्रजाचा, वरचा अधिकारी हैदराबादचा रेसिडेंट. आमचं महागाव तेव्हा पुसद तालुक्यात आणि पुसद वाशीम जिल्ह्यात. खाली पैनगंगा. नदीच्या अलीकडे इंग्रजी कोर्ट, पलीकडे थेट निजामाचा अंमल. वॉरंट निघालं की माणूस हिवऱ्याच्या संगमाकडून पाणी ओलांडून पसार, ही गोष्ट आमच्या भागात म्हाताऱ्यांच्या तोंडी होती. तर 1861 नंतर इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. खातं शेतकऱ्याच्या नावावर, सारा रोख, आणि जमीन विकता येईल, गहाण टाकता येईल असा हक्क. नेमक्या त्याच वर्षांत कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला. 1867 साली आगगाडी नागपूरला पोचली. 1870 साली खामगावचा फाटा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापसाच्या एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या पिकाची किंमत कळावी.

जमीन विकता येते म्हटल्यावर जमिनीवर कर्ज मिळतं. भाव चढा असताना कर्ज अंगावर दिसत नाही. 1865 साली अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि कागद तेवढे राहिले.

असा एक कागद मी हाताळला आहे. वाटणीच्या दाव्यात एका अशिलाने घरातल्या पत्र्याच्या पेटीतून आणला होता. मोडीतला, घड्यांवर फाटलेला, कडेला वाळवीची नक्षी. मजकूर मुदतखरेदीचा: शेत विकलं असं लिहायचं, पण अमुक मुदतीत पैसे परत केले तर शेत परत. नाही केले तर खरेदी कायम. शेवटी लिहून देणाराच्या सहीच्या जागी अक्षर नाही, शाईने काढलेला एक छोटा नांगर, आणि शेजारी कारकुनाच्या हातचं ‘निशाणी नांगराची’. कुणब्याने नांगर काढायचा, वाण्याने तागडी, बाईमाणसाची बांगडी, ही आपली जुनी चाल. या नांगराचा फाळ इतका जोर देऊन काढलेला होता की टाकाने कागद खरवडला गेला होता. त्याच नांगराखालची जमीन त्या सहीने गेली. कोर्टाने तो कागद जुना म्हणून मानला की नाही हा वेगळा विषय. मी मात्र बराच वेळ तो नांगर बघत बसलो होतो. साहेबांनी दोनदा विचारलं, वकीलसाहेब, पुढे?

आता हे असे कागद हजारोंनी तयार झाले की पुढचं ओघाने येतं. दावा, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, जप्ती. सावकाराला वकील लागतो, कुळाला लागतो, आणि वऱ्हाडात तर जास्तच लागतो. कारण इथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू नव्हते, कोणता कायदा लावला आहे आणि कोणता नाही हाच पहिला वाद. अमरावती-अकोल्याला वकिलांचे वाडे उठले ते या पैशावर. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात, तिचा दांडा काही अंशी वकिलांच्या हातात होता.

त्या वाड्यांतला सगळ्यात थोर वाडा दादासाहेब खापर्ड्यांचा. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, जन्म 27 ऑगस्ट 1854, गणेश चतुर्थीचा, म्हणून नाव गणेश. वडील गरिबीतून वर येऊन मामलेदार झालेले. हा मुलगा गणितापायी मॅट्रिकला नापास झाला, ही गोष्ट मला फार आवडते. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत आणि इंग्रजीत रमला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर शिकवायला. 1877 ला बी.ए., 1884 ला एल.एल.बी. मग वऱ्हाडातच काही वर्षं मुन्सफी आणि सरकारी नोकरी. 1890 ला राजीनामा देऊन अमरावतीला वकिली मांडली. मुन्सफाची खुर्ची सोडून समोरच्या बाजूला उभं राहायला हिंमत लागते. बहुतेकांना उलटं हवं असतं.

आणि वकिली अशी चालली की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणू लागले. कमाई वर्षाला 90 हजारांच्या घरात होती असं सांगतात. तेव्हाचे 90 हजार! घरात पन्नासेक माणसांची पंगत, घोडागाड्या, आला-गेला, गवई, नाटकवाले. शिल्लक टाकणं त्यांना माहीत नव्हतं. 1897 च्या डिसेंबरात काँग्रेस अमरावतीला भरली, तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डे. अध्यक्ष मद्रासचे शंकरन नायर, तेही वकीलच. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. अमरावतीचेच दुसरे मोठे वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर, हे नेमस्त. पुढे 1912 ला बांकीपूरच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. एकाच बारमध्ये बसणारे दोघे, एक जहाल आणि एक मवाळ.

खापर्ड्यांनी टिळकांसाठी काय केलं ते वकिलाच्या नजरेने बघा. 22 जुलै 1908 रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. महिनाभरात खापर्डे विलायतेच्या बोटीवर होते. प्रिव्ही कौन्सिलात अपिलाची परवानगी मागायची, पार्लमेंटातल्या सभासदांना गाठायचं, वर्तमानपत्रांत लिहायचं. परवानगी नाकारली गेली, तरी हे तिथेच राहिले, सुमारे दोन वर्षं. परतताना ब्रह्मदेशात उतरून मंडालेला टिळकांना भेटले आणि मग घरी आले. दोन वर्षं वकील गावात नसला म्हणजे काय होतं हे कुणाही वकिलाला विचारा. अशील थांबत नसतो, त्याची तारीख थांबत नसते. नवाबी तिथेच ओसरली.

त्यानंतर ते शिर्डीला दिसतात. डिसेंबर 1910 मध्ये आठवडाभर, आणि पुन्हा 6 डिसेंबर 1911 पासून 15 मार्च 1912 पर्यंत, सलग. खापर्डे रोज डायरी लिहीत, इंग्रजीत, आणि शिर्डीच्या त्या दिवसांची डायरी पुढे छापली गेली. आज महाराष्ट्रात त्यांचं नाव माहीत असतं ते बहुधा साईभक्तांना. एवढा मोठा वकील, काँग्रेसचा स्वागताध्यक्ष, पुढे दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटचा सभासद. आणि लोकांच्या लक्षात राहिला तो मशिदीत आरतीला उभा असलेला. मला त्यात वाईट काही वाटत नाही. 1 जुलै 1938 रोजी ते वारले.

तक्रार मला दुसरीच आहे. या पिढीने स्वराज्य मागितलं, स्वदेशी मागितली, शिवजयंतीचे उत्सव केले. पण ज्या कागदांवर त्यांचे वाडे उभे होते त्या कागदांविरुद्ध त्यांचा आवाज त्या मानाने बारीक राहिला. नांगराची निशाणी करणारा माणूस त्यांच्या दिवाणखान्यात अशील म्हणून यायचा, सभेत श्रोता म्हणून बसायचा, ठरावात मात्र क्वचितच. धंद्याचा दोष म्हणा. सावकार फी रोख देतो.

1905 साली जिल्ह्यांची फेरमांडणी झाली. वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका यवतमाळला जोडला. त्याआधी यवतमाळ जिल्ह्याचं नावही वणी जिल्हा असं होतं. त्याच वणीत 29 ऑगस्ट 1880 रोजी माधव श्रीहरी अणे जन्मले. बापूजी अणे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, अमरावतीला काही वर्षं मास्तरकी, आणि 1908 ला, म्हणजे टिळक मंडालेला गेले त्याच वर्षी, यवतमाळला वकिली. आमच्या भागातली माणसं आता वाशीमऐवजी यवतमाळच्या पायऱ्या चढू लागली होती, तेव्हा महागाव-फुलसावंगीकडचे कज्जेही त्या बाररूममधून जात असणारच. अण्यांनी यवतमाळला ‘लोकमत’ नावाचं पत्र काढलं, नाव टिळकांनी सुचवलं असं सांगतात. होमरूल चळवळ, मग विदर्भ प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद. माणूस संस्कृतचा गाढा पंडित, आणि गांधींशी वाद घालायला न कचरणारा टिळकपंथी.

1930 साली गांधींनी मीठ उचललं. वऱ्हाडात समुद्र कुठला? अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, दहीहंड्याला, खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून लोकांनी मीठ काढलं. यवतमाळच्या डोंगराळ मुलखात तेही नाही. इथे लोकांच्या जिवाला लागलेला कायदा होता तो जंगलाचा. वऱ्हाडाचा जंगल कायदा 1886 चा. सरकारने जंगलाचे तीन वर्ग पाडले होते: ‘अ’ लाकडासाठी, ‘ब’ गवतासाठी राखलेले रमणे, ‘क’ चराईला. पूर्वी गावाची गुरं जिथे जिभेला येईल तिथे चरत, तिथे आता दाखला आणि पैसे. नाही तर कोंडवाडा. पुसद-महागावच्या बाजूला बंजाऱ्यांचे तांडे, आंध-गोंडांच्या वाड्या. गुरं हेच त्यांचं भांडवल. मीठ महिन्याला पायलीभर लागतं, गवत रोज लागतं.

अण्यांनी हे हेरलं. 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी विळ्याने गवत कापलं आणि अटक करून घेतली.

आता हे चित्र आमच्याकडच्या माणसाने पाहावं तसं पाहा. 10 जुलै म्हणजे आषाढ. मृगाचा पाऊस होऊन महिना झालेला. पवन्या, मारवेल, कुसळी अजून कोवळ्या, गुडघ्याला लागत नाहीत. आमच्याकडे गवत कापतात ते दसरा-दिवाळीनंतर, पिवळं पडल्यावर, पेंढ्या बांधून. आषाढातलं गवत कापून कुणी गंजी लावत नाही. दोन दिवसांत सडतं. म्हणजे पन्नाशीला आलेला हा वकील वाकून जे कापत होता त्याची बाजारात किंमत शून्य. फिर्याद तयार करणाऱ्या अंमलदाराला मुद्देमालाचं मूल्य काय लिहावं हा प्रश्न पडला असणार.

आणि कलम बघा. या सत्याग्रहींवर भारतीय दंडसंहितेचं 379, चोरीचं, लावत. चोरीच्या व्याख्येला, 378 ला, एक स्पष्टीकरण जोडलेलं होतं: वस्तू जमिनीला चिकटलेली असेल तोवर ती चोरीचा विषय होत नाही, जमिनीपासून सुटी झाली की होते. म्हणजे उभ्या गवतात दिवसभर लोळा, गुन्हा नाही. विळा फिरला त्या क्षणी गुन्हा. एखाद्या वकिलाला हा बारकावा शिकवावा लागत नाही. मिठाच्या सत्याग्रहासाठी गांधींना 24 दिवस चालावं लागलं. इथे विळ्याचा एक फटका पुरला. बचाव द्यायचा नाही, उलटतपासणी करायची नाही, ज्या कलमांवर पोट भरलं त्यातलंच एक स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायचं. वऱ्हाडच्या बारमधला हा सर्वोत्तम युक्तिवाद होता असं मी मानतो, आणि तो एक शब्द न बोलता झाला. पुढे दहा-बारा दिवसांत, 21 जुलैला, डॉ. हेडगेवारांनी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात हेच केलं आणि नऊ महिन्यांची शिक्षा घेतली. गावोगावचे लोक विळे घेऊन निघाले. पुसद तालुक्यात नांगराची निशाणी करणाऱ्या माणसाला राजकारण पहिल्यांदा आपलं वाटलं असेल तर या गवतापायी.

अण्यांचं पुढचं आयुष्य सरळ रेषेत नाही. जातीय निवाड्यावरून काँग्रेसशी बिनसलं, 1934 ला मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला. 1941 ला तर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ज्या सरकारचं गवत चोरलं त्याच सरकारचे मंत्री! विरोधकांनी टोमणे मारलेच. पण फेब्रुवारी 1943 मध्ये गांधींचं उपोषण चालू असताना राजीनामा देऊन बाहेर पडले. मग सिलोनमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी, घटना समिती, 1948 ते 1952 बिहारचे राज्यपाल. म्हातारपणी वेगळ्या विदर्भासाठी लढून नागपुरातून लोकसभेवर. टिळकांचं चरित्र संस्कृत श्लोकांत लिहीत होते, ते पुरं केलं. 26 जानेवारी 1968 ला गेले. त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवा’ला 1973 ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, घ्यायला ते नव्हते.

कागदांचा प्रश्न मात्र राहिलाच होता. तो हातात घेतला तोही एका वकिलानेच, पण तो वाड्यातला नव्हता. पंजाबराव देशमुख, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, 1898 चा जन्म, कुणब्याच्या घरातून थेट विलायतेला जाऊन बॅरिस्टर झालेले. 1930 नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात मंत्री असताना त्यांच्या काळात 1933 चा कर्ज लवाद कायदा झाला. सावकार आणि कुळ यांनी मंडळापुढे बसायचं, कर्जाची रक्कम तडजोडीने ठरवायची, हप्ते बांधायचे. अमेरिकेतलं युद्ध संपून तोवर अडुसष्ट वर्षं झाली होती.

या पंजाबरावांच्या हाताखाली अमरावतीला वकिलीचे धडे गिरवायला एक तरुण आला होता. पुसदजवळच्या गहुली तांड्यावरचा बंजारा मुलगा, जन्म 1913, नागपूरहून 1940 ला कायद्याची पदवी. वसंतराव नाईक. 1941 ला त्यांनी पुसदला वकिली मांडली. आमच्या भागातल्या तांड्यावरचा माणूस प्रथमच आपल्या भाषेत आपल्या वकिलाशी बोलू शकला. गोरमाटीत कैफियत सांगायची, वकिलाने ती मराठीत उतरवायची. फीपेक्षा पक्षकारच जास्त जमत, असं पुसदला सांगतात. 1946 ला पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष, 1952 ला आमदार, आणि डिसेंबर 1963 पासून फेब्रुवारी 1975 पर्यंत मुख्यमंत्री.

त्यांच्या कारकिर्दीत 1971 साली कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया आणि पणन यांचा कायदा झाला. पुढच्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी. महाराष्ट्रातला कापूस घेणारा तेव्हा एकच, सरकार. खामगावचा दलाल, मुंबईचा अडत्या, गावचा सावकार, सगळे कायद्याने बाजूला. चांगलं झालं की वाईट यावर बारमध्ये आजही दोन तट पडतात. माझा तट पहिला, आणि मला विरोध करणारे बहुतेक जण कापूस पिकवत नाहीत.